काटा खालीच होता

सुप्याच्या चौकात गाडी बंद केली तेव्हा लांब माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. अगदी सावकाश, एकेक पातं मोजता यावं अशा. माझ्या बॉनेटखालचा पंखा मात्र ढिम्म होता आणि बॉनेटच्या फटीतून गोडसर वासाची वाफ निघत होती. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "एवढाले पंखे नुसत्या वाऱ्यावर फिरत्यात, तुझा एवढासा फिरंना व्हय रे?"

एप्रिलचा शेवटचा आठवडा. आत्याला पुण्याहून घेऊन पारनेरला एका लग्नाला निघालो होतो. शिरूर सुटलं, घोड नदी ओलांडली, नारायणगव्हाण, वाडेगव्हाण मागं पडलं आणि जातेगावच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागं अडकलो. चढाला एसी बंद करायचा, इंजिनावरचं ओझं हलकं करायचं, हा आमच्या घरातला वडिलांपासूनचा नियम. तो पाळला. सुप्यात आलो तर चौकात एमआयडीसीचे ट्रेलर आडवे. पाच-सात मिनिटं गाडी नुसती उभी. मी मधूनमधून काट्याकडे बघत होतो. काटा निम्म्याच्या खाली, म्हणून निर्धास्त होतो. मग तो एकाएकी आणखी खाली घसरला, जवळजवळ सकाळच्या थंड गाडीइतका, आणि त्याच वेळी वाफ दिसली.

गाडी उकळतेय आणि काटा खाली जातोय, ही विसंगती तिथंच डोक्यात शिरायला हवी होती. शिरली नाही, कारण डोक्यात पंखा बसलेला होता. पंधरा दिवसांपूर्वी गाडी अशीच तापली म्हणून एका गॅरेजात साडेसहा हजार मोजून पंख्याची मोटर बदलून घेतली होती. तिथल्या माणसानं एसी लावून दाखवलं, "बघा साहेब, फिरतोय." मी बघितलं, फिरत होता. जुनी मोटर मी मागून घेतली आणि डिकीत टाकली. बदललेला पार्ट घरी आणून अडगळीत ठेवायचा, ही आमच्या पिढीची खोड.

गाडी तापली की हीटर पूर्ण गरमवर लावावा, असं कुठंतरी ऐकलं होतं. हीटर म्हणजे डॅशबोर्डाच्या पोटातला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीत ओढून घेतो. गाडी बंद करण्याआधी तेही करून पाहिलं होतं. आतून गार वारा आला. आत्याला बरं वाटलं. मला काही उमगलं नाही. खरं तर निदान तेवढ्यातच झालं होतं, पण ते वाचता यायला पारनेर गाठावं लागलं.

वाफ दिसली की आपल्याकडे गर्दी जमते आणि गर्दीतला प्रत्येक जण मेकॅनिक असतो. एकानं चहाच्या टपरीवरून पाण्याचा जग आणला आणि रेडिएटरच्या झाकणाला फडकं लावलं. टपरीच्या बाकड्यावर बसलेले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तिथूनच ओरडले, "ए, हात काढ! तोंड भाजंल!"

बरोबर होतं त्यांचं. रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. इतक्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर नव्हे, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आगेमागे उकळतं. इंजिनाला तेवढ्यावर भागत नाही. म्हणून रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला दिसतो, तो दाबाचा. 0.9 चं झाकण धड असेल तर आतलं पाणी 115 अंशांपुढे गेलं तरी उकळत नाही. कूलंट असेल तर आणखी वर जातं. स्वयंपाकघरातल्या कुकरचा हिशेबही जवळपास हाच. असं झाकण गरमपणी उघडलं की दाब एकदम पडतो आणि आतलं सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायला धावतं. समोर उघडणाऱ्याचा चेहरा असतो. उकळत्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं. गरम तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर तवा जसा चर्र करून वाकतो, तसं ते वाकतं. मग काम पाचपट वाढतं.

चाळीस मिनिटं बसलो. मिशांचे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर निघाले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पंख्याची हकिकत ऐकली आणि विचारलं, "घाटात एसी बंद केला व्हता का?"

"हो. लोड कमी करायला."

"आन् पंखा एसीवरच फिरत व्हता. तुमी एसी बंद केला, पंखा बी बंद केला."

मी गप्प झालो. ते पुढं म्हणाले, "आमच्या गाडीला ही भानगडच नव्हती. पट्टा व्हता. इंजिन फिरलं की पंखा फिरला."

हा रस्ता आणि एसटी यांचं नातं जुनं आहे. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे-नगर याच मार्गावर. शिरूर आणि सुपा त्या वाटेवरच. किसन राऊत ड्रायव्हर, लक्ष्मण केवटे कंडक्टर. बेडफर्डची लाकडी बांधणीची गाडी. तेव्हाच्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच शक्तीवर, पट्ट्यानं फिरे. फॅनबेल्ट तुटला की पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो असे तिघेही एकदम संपावर जात, त्यामुळे बिघाड शोधायला अक्कल लागत नसे. पट्टा आहे की नाही ते डोळ्यांनी दिसे. अँबॅसिडर, पद्मिनी, जीप यांचाही मामला तोच.

पण पट्ट्याचा पंखा हा मुळात उलट्या डोक्याचा नोकर. महामार्गावर गाडी ऐंशीनं पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून आपोआप घुसतो, पंख्याची गरजच नसते. पण इंजिन जोरात फिरतंय म्हणून पंखाही तेव्हाच जोरात फिरून तेल जाळतो. चौकात गाडी उभी राहिली, वारा संपला, आता पंखा हवा. तर इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. थंडीत पहाटे इंजिनाला ऊब हवी असते, तेव्हाही हा आपला वारा घालतोय. मोठ्या डिझेल गाड्यांत यावर मधला उपाय काढला. पट्टा आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाची डबी घातली. गरम हवा लागली की तेल पंख्याला पट्ट्याशी जखडतं, गार झालं की सोडतं. त्याची परीक्षा सोपी: गाडी बंद असताना पंखा हातानं फिरवायचा. जरा अडखळत फिरला तर ठीक. भिरभिऱ्यासारखा चार-पाच गिरक्या घेऊ लागला तर डबीतलं तेल गळालं.

आपल्याकडे विजेच्या पंख्याला घरोघरी आणलं ते मारुती 800 नं. 14 डिसेंबर 1983 ला पहिली गाडी बाहेर पडली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं. पद्मिनीत इंजिन उभं, त्यामुळे त्याचं तोंड रेडिएटरकडे, पंखा इंजिनाच्याच नाकावर. इंजिन आडवं झालं, तोंड चाकाकडे गेलं आणि पट्ट्यानं पंखा फिरवायची सोय उरली नाही. मग पंख्याला स्वतःची मोटर दिली, मोटरीला स्विच दिला आणि स्विचला डोकं दिलं. तिथपासून पंख्याचं बंद पडणं ही शोधून काढायची गोष्ट झाली.

रेडिएटरमागं पंखा हवाच, हे मात्र त्याहून जुनं शहाणपण. 1900 च्या सुमारास विल्हेल्म मायबाखनं 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या, आणि गाडी सावकाश चालताना वारा कमी पडतो म्हणून मागं एक लहानसा पंखा. पूर्वी अठरा लिटर पाणी लागे, ते नऊवर आलं. सुप्याच्या चौकातली माझी अडचण त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवलेली होती.

ड्रायव्हरकाकांच्या सल्ल्यानं गाडी पूर्ण निवल्यावर बाटलीबंद पाण्याच्या दोन बाटल्या आत गेल्या, एसी चालू ठेवला आणि बारा-पंधरा किलोमीटर हळूहळू कापत पारनेर गाठलं. आत्याला मांडवात सोडलं. अक्षता चुकल्या, पंगत सापडली. संध्याकाळी गावातल्याच एका माणसानं गॅरेज दाखवलं. पत्र्याची शेड, दारात लिंबाचं झाड, एका बाजूला ट्रॅक्टरचं धूड. मिस्त्री पन्नाशीचे. मी सांगायला सुरुवात केली, "पंखा फिरत नाही, मोटर बदलली तरी..."

"थांबा. गाडी गरम कुठं होते? पळताना का उभ्यावर?"

या एका प्रश्नावर निम्मं निदान होतं आणि तो मला आजवर कुणी विचारला नव्हता. ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर आणि त्याच्या हुकमावर. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगातही तापते, तर पंखा निर्दोष. तिथं चोर रेडिएटरात, पाण्याच्या पंपात नाहीतर थर्मोस्टॅटमध्ये. आणि दोन्हीकडे तापते तर आधी पाणी बघायचं. मी आठवलं. उभ्यावर तर तापलीच, पण मागच्या आठवड्यात द्रुतगती मार्गावरही वास आला होता, मी तो पुढच्या ट्रकचा समजलो होतो.

"मग मोटर का बदलली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर पहिली मोटर वर काढता का? आधी लाईट हाये का बघता, फ्यूज बघता, स्टार्टर बघता. मोटर वर काढायला चार माणसं लागतात म्हणून अक्कल येते. इथं दोन बोल्टांत निघते म्हणून कोणी बी काढतंय."

स्टार्टरची उपमा त्यांनी ओघात दिली, पण तिच्यात सगळं सर्किट आहे. पंख्याची मोटर दहा ते वीस अँपिअर ओढते. एवढा करंट गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या अंगातून जाऊ देत नाही. त्याच्या बारीक वायरी जळतील. तो काडेपेटीएवढ्या रिलेला इवलासा करंट देतो, एका अँपिअरचा पाचवा-सहावा भाग. रिलेतली कॉइल लोखंडाची पट्टी ओढते, संपर्क जुळतो आणि बॅटरीचा मोठा करंट फ्यूजमधून सरळ मोटरीकडे जातो. विहिरीवर हिरवं बटण दाबलं की स्टार्टर खट्कन ओढतो, ते हेच. साखळी अशी: इंजिनातल्या पाण्यात बुडालेला सेन्सर तापमान सांगतो, कॉम्प्युटर ऐकतो, रिले ओढतो, फ्यूज वाट देतो, मोटर फिरते आणि करंट अर्थिंगच्या वायरीतून घरी परततो. सहा जणांत कुणीही झोपलं तरी दिसतं एकच: पंखा फिरत नाही.

त्यांनी इंजिन चालू करून एसी लावला. पंखा फिरला. "मोटर चांगली, फ्यूज चांगला, अर्थिंग चांगलं. तीन जण सुटले." एसीला स्वतःच्या जाळीवर वारा हवाच असतो, म्हणून एसी लावला की पाणी गरम असो-नसो, बहुतेक गाड्यांत पंखा लागतो. पाना हातात न घेता होणारी ही परीक्षा आहे. ती पुण्यातही झाली होती, फक्त मोटर बदलल्यानंतर.

मग एसी बंद. पंखा थांबला. मिस्त्रींनी इंजिनाच्या बाजूला हात घालून सेन्सरचा कपलर उपसला. दोन सेकंद काही नाही, आणि पंखा असा गरजला की शेडमधलं कुत्रं उठून बाहेर गेलं. सेन्सरची खबर तुटली की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर सर्वात वाईट ते धरून चालतो आणि पंखा पूर्ण वेगानं सोडतो. म्हणजे कॉम्प्युटर जागा, रिलेही जागा. हे करताना त्यांनी पोऱ्याला दोनदा दटावून लांब केलं. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही, न सांगता सुरू होऊ शकतो. या धंद्यात बोटं जातात ती अशी.

कपलर परत बसवला, स्कॅनर लावला. स्क्रीनवर पाण्याचं तापमान 71. त्यांनी खुंटीवरची तापमान मोजायची बंदूक काढली. कोविडात कपाळावर धरायचे ती नव्हे, ती पन्नासच्या आतच दम टाकते, ही कारखान्यातली. सेन्सरशेजारच्या धातूवर धरली. 103.

"आता बोला. सेन्सर खोटं बोलतो का खरं?"

मी म्हटलं, खोटं. ते हसले, इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. गाडी निवेपर्यंत तासभर गेला. निवल्यावर झाकण उघडलं तर आत पाणी दिसेचना. बॅटरी मारली तेव्हा कुठं खोलवर चमकलं. सेन्सर खोलून बाहेर काढला. टोकाला पांढरा चुन्यासारखा थर. मल्टिमीटरची दोन टोकं त्याच्या पिनांना लावून त्यांनी तो चहाच्या ग्लासातल्या गार पाण्यात धरला: अडीच हजार ओहमच्या आसपास. मग किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, आकडा धडाधड उतरत दोनशेच्या जवळ आला. पाणी तापलं की या सेन्सरचा विरोध कमी होतो, ठरल्याप्रमाणं. सेन्सर बिचारा शुद्धीवर होता.

"खरंच बोलत व्हता तो. त्याच्याभोवती पाणीच नव्हतं, त्यानं हवेचं तापमान सांगितलं. इंजिनात हवा धरली व्हती."

पाइपलाइनीत हवा धरली की विहिरीची मोटर गुरगुरते पण पाणी फेकत नाही, हे पारनेरच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तेच इंजिनात झालं होतं. पाणी कमी झालं, वरच्या भागात हवेचा फुगा बसला, सेन्सर नेमका त्या फुग्यात आला. भोवतालचं लोखंड उकळतंय आणि सेन्सर म्हणतोय, एकाहत्तर. कॉम्प्युटरनं पंखा लावला नाही, त्याचं काय चुकलं? काटाही त्याच सेन्सरवर चालतो, म्हणून तोही खालीच. हीटरमधून गार वारा आला तो याच कारणानं. त्याच्या नळ्यांपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं. काटा खाली, हीटर गार आणि बॉनेटमधून वाफ, हे तिन्ही एका वेळी दिसलं की इंजिनात पाणी नाही, असं समजून ताबडतोब गाडी बंद करायची. पंख्याचा विचार नंतर.

पण पाणी गेलं कुठं? खाली थेंब नाही, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. आणि बाजूची प्लॅस्टिकची बाटली तर गच्च भरलेली. मी दर महिन्याला तीच बघून समाधान मानत होतो. मिस्त्रींनी झाकण हातात घेऊन उलटं केलं. रबर वाळून तडकलेलं. या झाकणात दोन वॉल असतात. पाणी तापून फुगलं की मोठा वॉल उघडतो आणि जादाचं पाणी बाटलीत जातं. गाडी निवली की आत ओढ बसते, मधला छोटा वॉल उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरात येतं. माझ्या झाकणाची स्प्रिंग ढिली, म्हणून पाणी वेळेआधीच बाहेर जाई; रबर तडकलेलं, म्हणून परत येताना पाण्याऐवजी हवा आत येई. बाटली भरत गेली, उतू गेली, रेडिएटर रिकामा होत गेला. सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी दोनशे-अडीचशे रुपयांचं झाकण.

सेन्सरच्या टोकावरचं ते पांढरं मात्र वेगळं प्रकरण, आणि मला वाटतं या मुलखात तेच जास्त गाड्या मारतं. मिस्त्रींनी विचारलं, "पाणी कसलं घालता?" मी खरं सांगितलं: गावी आलो की घराच्या नळाचं, म्हणजे बोअरचं. पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. इथलं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत, मुक्काम करत वर येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. तापलं की त्याचा चुना बसतो. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याला जो पांढरा पापुद्रा दिसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत. तो उष्णता अडवतो, नळ्या अरुंद करतो, सेन्सरच्या टोकावर शाल पांघरतो. मग पंखा कितीही फिरला तरी वारा बाहेरून लागतो आणि गरमी आतच राहते. रात्री जेवताना हे आत्याला सांगितलं तर तिनं भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "त्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही बाबा. गाडीला काय पचंल?" जड पाण्याची ही परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेइतकी पक्की आहे. मी ती गाडीच्या कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही.

1888 साली बेर्टा बेंझ नवऱ्याची तीनचाकी मोटार घेऊन, त्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली तेव्हा त्या गाडीला रेडिएटर नव्हताच. पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत जागोजाग मागून भरावं लागे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यात अशी गाडी कुणी दारात उभी केली नसती. आजची गाडी चार-पाच लिटर पाणी वर्षानुवर्षं पुरवते, अट एवढीच की ते पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड असावं आणि त्यात कूलंट असावा. गावोगावी आता नाणं टाकून पाणी मिळणारे आरओ प्लांट झालेत. तिथलं कॅन भरून गाडीत ठेवलं तरी रेडिएटरचं आयुष्य वाढतं. कूलंटला लोक महागडं रंगीत पाणी समजतात. त्याचं काम गोठण रोखण्याचं, ते पारनेरला कशाला हवं, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तो उकळबिंदू वर नेतो आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला गंज चढू देत नाहीत, हे त्याचं इथलं काम. चवीला तो गोड आणि विषारी असतो, म्हणून सांडलेला तसाच ठेवू नये. कुत्री चाटतात आणि मरतात.

रेडिएटर उतरवून धुवायला दुसरा दिवस लागला. त्या दिवसात शेडमध्ये बसून जे पाहिलं-ऐकलं त्यावरून माझं मत पक्कं झालं की आपल्याकडे पंखा दुरुस्त करत नाहीत, त्याला गप्प करतात. सकाळी एक पिकअप आला. डॅशबोर्डावर घरातल्या दिव्याचं पांढरं बटण बसवलेलं. कधीतरी रिले गेला तेव्हा कुणीतरी पंखा 'डायरेक्ट' करून दिला होता. गाडी तापली की ड्रायव्हरनं बटण दाबायचं. मालक स्वतः चालवत होता तोवर चाललं. परवा भाच्याला गाडी दिली, बटणाचं सांगायचं राहिलं. हेड वाकलं. रिले तीनशेला येतो. हेडच्या कामाचा आकडा मालकानं मला सांगितला नाही, नुसती मान हलवली.

अडल्या वेळी डायरेक्ट करून घरी पोचणं वेगळं. पण ती वायर फ्यूज सोडून ओढलेली असते, बारीक असते, आणि तिथंच कायमची राहते. वीस अँपिअर तिच्यातून गेले की आधी ती मऊ होते, मग वितळते.

मिस्त्रींकडे असे नमुने बरेच. एका गाडीचा पंखा मंद वेगाला फिरतच नव्हता, एकदम जोरात लागायचा. मालक म्हणे मोटर गेली. गेला होता मंद वेगासाठीचा रेझिस्टर, पंख्याच्या चौकटीलाच अडकवलेला, चिखलपाण्यानं सडलेला. दुसऱ्या एकीचा पंखा चावी काढली तरी थांबेना. रात्रभर फिरून बॅटरी सपाट. रिलेचे संपर्क चिकटले होते. थोडा वेळ फिरला तर तो दोष नाही, गाडी बंद केल्यावर आतली गरमी काढायला काही गाड्या तसं करतात. पाच-दहा मिनिटांनंतरही थांबला नाही तर रिले उपसायचा. तिसऱ्या गाडीचा पंखा हातानं टिचकी मारली की सुरू व्हायचा. त्या मोटरीचे कार्बन ब्रश झिजले होते, ती खरोखरच गेलेली. "वर्षातनं पाच-सहा मोटरी खऱ्या मरतात," मिस्त्री म्हणाले, "बाकी साऱ्या जिवंत पुरतात."

सर्वात मजेशीर गाडी नवी मोटर बसवूनही तापणारी. पंखा जोरात फिरतोय, आवाज दमदार, वारा भरपूर. मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. चांगला पंखा पान जाळीकडे ओढतो. इथं पान उडून त्यांच्या तोंडावर आलं. बसवणाऱ्यानं मोटरीच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या, पंखा उलटा फिरत होता. महामार्गावर समोरचा वारा आत येतोय आणि पंखा त्याला बाहेर ढकलतोय. दोघांची मधेच कुस्ती. तेव्हापासून एक जुनं पान ते फ्यूजच्या डब्यात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिएटर बसला. नवं झाकण, सेन्सर घासूनपुसून, कूलंट निम्मा, आरओचं पाणी निम्मं. मग हवा काढायचं काम. गाडीचं तोंड चढाला लावलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, पोऱ्या वरून ओतत राहिला. हीटरमधून गरम वारा आला तेव्हा मिस्त्रींनी झाकण लावलं आणि एसी बंद करून माझ्या शेजारी येऊन बसले. स्कॅनर मांडीवर. 82 ला थर्मोस्टॅट उघडला असावा. खालचा पाइपही गरम झाला. 88. 91. आकडा फार सावकाश चढत होता. लिंबाखाली आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लग्नातल्या लाडवांची पिशवी. 94. 96. कुणी बोललं नाही. 97 ला बॉनेटखालून हलकी खट् आली आणि मागोमाग वारा सुटला.

92 ला थांबला. परत 97 ला लागला. तीन वेळा बघितलं.

बिल झालं साडेअठराशे, त्यात कूलंट सगळ्यात महाग. पैसे देताना डिकीतली जुनी मोटर आठवली. मिस्त्रींनी ती मांडीत धरली, दोन वायरी थेट बॅटरीला टेकवल्या. मोटर झर्रकन फिरली, हातातून निसटायला बघू लागली. त्यांनी वायरी काढल्या, ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "ही ठेवू का? कोणाच्या तरी कामाला येईल."

ठेवा म्हटलं. त्यांनी तिच्यावर खडूनं 'चांगली' असं लिहिलं आणि फळीवर इतर मोटरींच्या रांगेत ठेवून दिली. त्या रांगेत जवळजवळ प्रत्येकीवर तेच लिहिलेलं होतं.